धर्मापुरीला न पडलेले विमान

त्या श्रावणात एका विमानाने चार वेळा उपग्रहाला कळवले, की आपण धर्मापुरीला केदारेश्वराच्या देवळाजवळ पडलो आहोत. चारही वेळा ते विमान धर्मापुरीपासून तीसेक किलोमीटर दूर, अंबाजोगाईबाहेरच्या माळावर, चाकांना लाकडी ठोकळे लावून उभे होते.

विमान लहानसे होते. दोन माणसे आणि पंखांखाली बांधलेल्या मिठाच्या नळकांड्या, एवढाच त्याचा संसार. पाऊस रुसलेल्या त्या वर्षी एका खासगी कंपनीने ढगांत मीठ पेरण्याचा ठेका घेतला, माळावरचे गोटे वेचून घेतले, रोलर फिरवला, पत्र्याचे एक शेड ठोकले आणि त्याला तळ म्हटले. मीठ पेरल्यामुळे पाऊस पडतो, की पडणारच असलेला पाऊस मिठाच्या खात्यावर जमा होतो, याविषयी तळावरची अभियंता कावेरी हिचे स्वतःचे मत होते. पण पगार त्याच कंपनीचा असल्यामुळे तिने ते मत पुरावा मिळेपर्यंत राखून ठेवले होते. तिचे काम तारांचे होते. विमानातल्या प्रत्येक विजेच्या जोडणीवर तिची सही लागे, आणि त्या सहीवाचून विमान हलत नसे.

ही गोष्ट अंबाजोगाईत सर्वांस ठाऊक होती, कारण तिचे वडील गुरुलिंग यांचे मंडीत किराणा दुकान होते. गिऱ्हाइकाला तूरडाळ मोजून देताना ते न चुकता सांगत, "आमच्या कावेरीनं सही केल्याबिगर इमान उडत न्हाई." डाळ न घेणाऱ्यालाही ते हे सांगत.

विमानाच्या शेपटीत नारिंगी रंगाचा एक डबा होता. विमान आपटले की हा डबा आपोआप जागा होऊन उपग्रहाला हाक घालतो. त्याचे सरकारी नाव लांबलचक असल्यामुळे तळावर कुणी ते घेत नसे. पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मेकॅनिक दस्तगीर त्याला 'बोंबल्या' म्हणे, आणि तेच नाव रूढ झाले. बोंबल्याचा दोष एकच होता. तो बोंब मारी, पण आपण कुठे आहोत हे त्याला माहीत नसे. उपग्रहाला ते गणिताने शोधावे लागे, आणि गणितात चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे होत. बालाघाटाच्या डोंगरात चार-पाच किलोमीटर म्हणजे जखमी माणसाच्या दृष्टीने फार. म्हणून कंपनीने विमानात नवा जीपीएस बसवला आणि कावेरीला सांगितले, की याची तार बोंबल्याला जोड. जीपीएसने जागा सांगायची, बोंबल्याने ती ओरडायची. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसवण्याचाच हा प्रकार होता, आणि कावेरीने तो मन लावून केला.

जोडणी झाल्यावर ती खरोखरच चालते हे दाखवणे आले. त्यासाठी बोंबल्याला क्षणभर खरी बोंब मारू द्यायची, उपग्रहांचे निरोप ऐकणाऱ्या केंद्राला आधी कळवून ठेवायचे, आणि केंद्राने फोन करून सांगायचे की निरोप अमुक जागेहून आला. अशी चाचणी तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच करावी, असा नियम आहे. इतर वेळी झालेली हाक खरी समजली जाते.

"मंजे मुहूर्तच की," गुरुलिंगांनी हे ऐकल्यावर समाधानाने म्हटले. "आन आमाला हसती."

"मुहूर्त नाही आप्पा. नियम आहे."

"आमचा बी नियमच हाय. आमच्याकडं सांगणारा भट असतो, तुमच्याकडं सायब. दुसरा काय फरक?"

कावेरीला फरक सांगता आला असता, पण गिऱ्हाईक उभे होते.

पहिली चाचणी एका सोमवारी झाली. सकाळचे उड्डाण करून विमान परत आले होते. वैमानिक कॅप्टन महांतेश आपल्या आसनावर बसले, दस्तगीर शेपटीजवळ शिडी धरून उभा राहिला, आणि कावेरीने घड्याळाकडे पाहत हात वर करून बोंबल्याचा खटका दाबला. थोड्या वेळाने शेडमधला फोन वाजला. केंद्रातल्या माणसाने निरोप मिळाल्याचे सांगितले आणि विचारले, की विमान धर्मापुरीला कसे?

केंद्राला चाचणीची सूचना होती, पण सूचनेतली जागा अंबाजोगाई होती. चाचणीच्या नावाखाली एखादे खरे संकट सुटून जाऊ नये म्हणून त्या सावध माणसाने जिल्ह्याला कळवले, जिल्ह्याने ठाण्याला, आणि ठाण्याने जीप धाडली. जीप धर्मापुरीच्या रस्त्यावर एका खड्ड्यात फसली. गावकऱ्यांनी ती ढकलून काढली आणि कारण कळल्यावर पोलिसांना मनापासून मदत केली. देवळाच्या मागे पाहिले, किल्ल्याच्या बुरुजावर चढून पाहिले, बारवेत गळ टाकून पाहिले. गळाला एक बादली आणि एक पितळी तांब्या लागला. दोन्ही वस्तूंचे मालक सापडले. विमान सापडले नाही, याबद्दल गावाने पोलिसांजवळ दिलगिरी व्यक्त केली.

कावेरीने सबंध जोडणी उसवली, तारन् तार तपासली आणि पुन्हा जोडली. तिच्याजवळ तपासणीचे एक लहान यंत्र होते. बोंबल्या काय ओरडणार आहे ते हे यंत्र आकाशात न पाठवता काचेवर दाखवी. तिने आणि दस्तगीरने त्यावर पाहिले, तर जागा बरोबर. अंबाजोगाई, माळ, शेडपासून वीस पावलांवर. तिने निर्धास्तपणे दुसरी चाचणी ठेवली. सकाळी विमान उडून आले, मंडळी आपापल्या जागी गेली, हात वर झाला, खटका दाबला गेला, आणि फोन वाजला. धर्मापुरी.

"बाई," दस्तगीर शिडीवरून उतरत म्हणाला, "याचं माहेर धर्मापुरीला असंल."

"दस्तगीरचाचा, तुमचा ट्रॅक्टर बिघडला की तुम्ही असंच सांगत होता का गिऱ्हाइकाला?"

"न्हाई ना. ट्रॅक्टरला सासर बी नसतं आन माहेर बी नसतं. ते गरिबाचं हाय." त्याने शिडी खांद्यावर घेतली. "पर हे एक सांगा. आपण दोघं असलो की हा खरं बोलतो. चार माणसं जमली की खोटं. मंजे हा डबा न्हाई बाई, हा पुढारी हाय."

तिसऱ्या चाचणीला परवाना खात्याचे निरीक्षक स्वतः आले. ते मितभाषी होते आणि ऊन सोसत नसल्यामुळे आणखी मितभाषी झाले होते. तिसऱ्यांदाही फोनवर धर्मापुरी ऐकल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितले, की आपण शुक्रवारपर्यंत अंबाजोगाईच्या विश्रामगृहात आहोत. तोवर बिघाड सापडला तर उत्तम. नाही सापडला, तर जोडणी सदोष ठरेल, आणि सदोष जोडणीवर जिने सही केली तिचा सहीचा अधिकार काढून घ्यावा लागेल. हे त्यांनी रागाने सांगितले नाही. रागाने सांगितले असते तर कावेरीला बरे वाटले असते.

ती सही तिला कुणी आंदण दिलेली नव्हती. तिने मराठवाड्याबाहेर जाऊन शिक्षण घेतले होते, आणि कंत्राटी कामगारांच्या गर्दीत एकटी बाई म्हणून हँगरमध्ये उमेदवारी केली होती. परीक्षेला बसताना 'तुमचे मिस्टर आलेत का सोबत' हा प्रश्न तिला दर वेळी विचारला जाई. त्या सगळ्यानंतर हाती आली होती ती एवढी एक रेघ. ती गेली असती तर दुसऱ्या दिवशी गुरुलिंगांना गिऱ्हाइकाला नुसतीच डाळ द्यावी लागली असती.

त्याच दुपारी धर्मापुरीचे सरपंच शहादेव मोटारसायकलवरून तळावर आले. त्यांनी टोपी काढून झटकली, माठातले पाणी प्याले, आणि शेडच्या दारातच मांडी घातली.

"म्याडम, एक इनंती हाय."

"पोलीस पुन्हा आले का सरपंच? मी केंद्राला सांगितलं होतं."

"आले ना. लई चांगली माणसं. च्या घेऊन गेले." शहादेवांनी आवाज खाली आणला. "मी ऐकलं की तुमी हे यंत्र दुरुस्त करताव."

"प्रयत्न करतेय."

"नगा करू."

कावेरीने हातातला पेचकस खाली ठेवला.

"बघा," शहादेव म्हणाले, "आमचा रस्ता. परळी फाट्यापास्नं गावापर्यंत. किती वर्सं अर्ज केलेत. आमच्या आज्यानं अर्ज केलता. कुणी ढुंकून बघितलं न्हाई. तुमचं इमान पहिल्यांदा पडलं, पोलिसांची जीप खड्ड्यात अडकली. दुसऱ्यांदा पडलं, तर तहसीलदाराची अडकली. आठ दिसांत खडी येऊन पडली. आता तिसऱ्यांदा पडलं, तर आज बांधकामवाले फीत घेऊन मोजून गेले. मंजे आणखी एकदा, फार तर दोनदा पडलं, की डांबर."

"सरपंच, विमान तुमच्याकडे पडलेलं नाहीये."

"ते आमाला ठाव हाय ओ. वर कागदात पडलंय ना? बास."

"आणि माझी नोकरी?"

शहादेवांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आमच्या गावात शाळेवर बाईची जागा रिकामी हाय," ते म्हणाले.

ते गेल्यावर दस्तगीर बराच वेळ तोंडावर हात धरून बसला होता. "त्यांचं वाईट वाटून घिऊ नका," शेवटी तो म्हणाला. "आख्ख्या जिल्ह्यात तुमच्या यंत्रावर इस्वास ठेवणारा तो एकच माणूस हाय."

रात्री ताटावर बसल्यावर गुरुलिंगांनी त्यांचा उपाय सांगितला. दुकानात दिवसभर त्याचीच चर्चा झाली होती.

"केदारेश्वर बोलावतोय त्याला. एक अभिषेक करून ये."

"कोणाला बोलावतोय?"

"इमानाला."

"आप्पा, ते मीठ घेऊन जातं. महादेवाला मीठ वाहतात का?"

"तू इकडची गोष्ट तिकडं निऊ नको. अभिषेक केला तर तुजं काय जाणार हाय?"

"मग चौथ्यांदा बरोबर आलं, तर कशामुळं बरोबर आलं ते मला कधीच कळणार नाही."

"कळून काय लोणचं घालायचंय? बरोबर आल्याशी मतलब."

कावेरीने भाकरी मोडली. वडिलांचे म्हणणे चुकीचे आहे हे तिला पक्के ठाऊक होते, आणि निरीक्षकही नेमके तेच म्हणतील हेही. त्यांनाही बरोबर आल्याशीच मतलब होता. कारण हवे होते ते फक्त तिला. आज बरोबर आलेले यंत्र कारण न कळता उद्या चुकले, तर वर डोंगरात माणूस असेल आणि खाली जीप बारवेत गळ टाकत असेल.

जेवण झाल्यावर तिने तालुक्याचा नकाशा जमिनीवर पसरला आणि तीन निरोपांच्या तीन जागा पेन्सिलने मांडल्या. आतापर्यंत सर्वांनी, तिनेही, 'धर्मापुरी' एवढेच ऐकले होते. तिने आता अंश, कला आणि विकला पाहिल्या. पहिली जागा देवळाच्या अंगणात होती. दुसरी देवळामागच्या तुरीच्या रानात. तिसरी बारवेच्या अलीकडे. जवळजवळ एकच ठिकाण, पण नेमके एक नव्हे.

ती बराच वेळ त्या तीन ठिपक्यांकडे पाहत राहिली. तारेची चूक असती, तर अंतर दर वेळी तंतोतंत तेवढेच भरले असते. यंत्र चुकले तरी इमानाने चुकते. उपग्रहांची किंवा हवेची गडबड असती, तर एक ठिपका धर्मापुरीला, एक गेवराईला आणि एक कदाचित अरबी समुद्रात पडला असता. हे ठिपके दोन्ही प्रकारांत बसत नव्हते. रोज दुकान बंद करून घरी येणारा माणूस चपला दारात काढतो, तेव्हा त्या रोज दारातच असतात, पण त्याच फरशीवर नसतात. ही यंत्राची चूक नव्हती, आणि योगायोगही नव्हता. ही कुणाची तरी सवय होती.

सवय माणसाला असते. तेव्हा माणसे मोजणे आले. निरीक्षक पहिल्या दोन चाचण्यांना नव्हते. जागा बरोबर आली त्या तपासणीतही दस्तगीर हजर होता. ती स्वतःही होती. उरले कॅप्टन महांतेश. नियमाप्रमाणे चाचणीच्या वेळी वैमानिक आसनावर लागतो, आणि एरवीच्या तपासणीला त्यांना कुणी बोलावत नसे.

कॅप्टन साठीला आले होते. तरुणपणी त्यांनी कपाशीवर औषध फवारणारी विमाने चालवली होती. झाडाच्या शेंड्यावरून जाताना होकायंत्राकडे पाहायला सवड नसते, म्हणून त्यांचा सगळा भरवसा डोळ्यांवर. त्यांच्यावर संशय घेणे कावेरीच्या जिवावर आले. तिने दुसऱ्या दिवशी त्यांना सरळच विचारले, "कॅप्टनसाहेब, चाचणीच्या वेळी जीपीएस चालू होता ना?"

"चालू होता की."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. मीच चालू केला."

प्रश्न मुद्द्याला धरून होता, उत्तर खरे होते, आणि दोघांचाही काही उपयोग झाला नाही. माणसाला त्याची सवय विचारून कळत नाही, कारण ती त्याला स्वतःलाच दिसत नसते. ती शेजारी बसून पाहावी लागते. कावेरी आजवर त्या विमानात उडालीच नव्हती. दुसरे आसन हवामानतज्ज्ञाचे होते, आणि तिचे राज्य जमिनीवर संपत होते. शुक्रवारी सकाळी तिने हवामानतज्ज्ञाला चहा पाजला आणि त्याचे आसन मागून घेतले. आकाशात पेरण्याजोगा ढग नव्हता, त्यामुळे त्यानेही फार आढेवेढे घेतले नाहीत.

विमान उठले. माळ खाली गेला, शेड काडेपेटीएवढे झाले, आणि मुकुंदराजाच्या दरीवरून वळून ते पूर्वेला निघाले. समोरच्या फळीवर जीपीएसची हिरवी काच उजळलेली होती आणि तिच्यावरचे आकडे शांतपणे बदलत होते. कावेरीने मांडीवरच्या नकाशाशी ते पडताळले. सगळे बरोबर होते. जिथे होते तिथेच आहोत असे यंत्र सांगत होते.

"कसं वाटतंय?" कॅप्टननी ओरडून विचारले.

"खरं बोलतंय," ती ओरडली.

"मी तुमच्या पोटाचं इचारतोय."

ती पुन्हा नकाशावर वाकली. घाटनांदूरच्या बाजूने एक लांब फेरी मारून विमान परतीला लागले. डाव्या अंगाला किल्ल्याची तटबंदी दिसू लागली, मग काळ्या दगडांचे देऊळ, त्याच्याजवळ बारवेचा चौकोन आणि नव्या खडीची एक पांढुरकी रेघ. कॅप्टननी उजवा हात छातीला लावून कपाळाला लावला. मग त्याच हाताने त्यांनी पुढे होऊन जीपीएसचा खटका खाली केला. हिरवी काच विझली. त्यांनी आसनामागून मखमली कापडाची एक खोळ काढली, तिला कडेने लेस लावलेली होती, आणि ती यंत्रावर चढवून दोन्ही नाड्यांची व्यवस्थित गाठ मारली.

"हे काय केलंत?"

"बंद केलं."

"का?"

"धर्मापुरी आली की. हितनं आपला माळ नुसत्या डोळ्यानं दिसतो. तो बघा. मग त्याला कावून उगा जाळत ठिवायचं?"

"आणि ही खोळ?"

"सत्यभामानं शिवली," कॅप्टननी पत्नीचे नाव अभिमानाने घेतले. "टीव्हीची शिवली तवा कापड उरलं होतं. नवी वस्तू हाय, धूळ बसती. कंपनीनं इस्वासानं आपल्या हाती दिलीय."

कावेरीने खाली पाहिले. खटका खाली झाला तेव्हा विमान देवळाच्या पुढे, शाळेच्या पटांगणावर आले होते. तिने नकाशावर पटांगणावर एक फुली मारली. मग तिने, जणू सहज म्हणून, पुढचा प्रश्न विचारला.

"चाचणीच्या दिवशी हा चालू कधी करता?"

"तुमी हात वर केला की."

"मी पंधरा मिनिटं आधी करायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," कॅप्टननी मान्य केले. "पर इमान उभं, पंखा बंद, आन हा गडी पंधरा मिनिटं नुसताच जळणार. बिनकामाचं. मी म्हटलं, बाईंचा हात वर झाला की लगीच लावू, लगीच काढू. काम तर तेवढ्यापुरतंच असतंय न्हवं?" त्यांनी तिच्याकडे पाहिले. "का ओ? काय चुकलं का?"

कावेरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. कॅप्टननी मघाचा पोटाचा विषय आठवून विमान जरा हळू वळवले.

उतरल्यावर तिने त्यांना एकच गोष्ट सांगितली. आजची पहिली चाचणी नेहमीप्रमाणेच करायची. हात वर झाला की लगेच लावायचा. मात्र नंतर काढायचा नाही; तिने सांगेपर्यंत चालू ठेवायचा. कॅप्टनना ही उधळपट्टी वाटली, पण त्यांनी मान डोलावली. मग तिने केंद्राला फोन करून दोन निरोपांची सूचना दिली, आणि पहिल्या निरोपातली जागा चुकीची असेल, तेव्हा कृपया कोणतीही जीप धाडू नये, असेही सांगितले. केंद्रातल्या माणसाने हे दोनदा विचारून घेतले.

निरीक्षक अकराच्या सुमारास आले. गुरुलिंगही दुकान शेजाऱ्यावर सोपवून आले होते. लेकीवर त्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांनी खिशात फक्त विभूतीची पुडी आणली होती, नारळ आणला नव्हता.

"बिघाड सापडला?" निरीक्षकांनी विचारले.

"कारण सापडलं, असं वाटतं," कावेरी म्हणाली. "खात्री करायची आहे. पहिल्या निरोपात जागा धर्मापुरीचीच येईल. पण देवळाची नाही, रानाची नाही, बारवेचीही नाही. शाळेच्या पटांगणाची येईल. दुसऱ्या निरोपात इथली येईल."

निरीक्षकांनी चष्मा पुसायला घेतला होता, तो पुसायचा राहिला. "चुकीची जागा तुम्ही आधी सांगताय?"

"बरोबर जागा कुणालाही सांगता येते, सर. विमान समोरच उभं आहे."

बाराला हात वर झाला. खोळीच्या नाड्या सुटल्या, खटका वर गेला, बोंबल्या ओरडला. फोन येईपर्यंत गुरुलिंगांचा हात खिशात होता. निरीक्षकांनी फोन स्वतः घेतला, आकडे हातावर लिहून घेतले आणि कावेरीच्या नकाशावर बोट फिरवत नेले. बोट धर्मापुरीला पोहोचले, देवळावरून पुढे सरकले आणि पटांगणावरच्या फुलीवर थांबले. ती फुली तिथे आधीपासूनच होती.

"बाप रे," दस्तगीर हळूच गुरुलिंगांना म्हणाला. "आप्पा, आता तुमची पोरगी इमान कुठं पडणार ते बी सांगाया लागली. दुकानावर पाटी लावा."

एकला पुन्हा हात वर झाला. या वेळी जीपीएस तासभर उघड्या आभाळाखाली, खोळीविना, कॅप्टनच्या व्यथित नजरेसमोर चालू राहिला होता. फोनवरचे आकडे लिहून झाल्यावर निरीक्षकांनी ते नकाशावर मांडले, मग दारात जाऊन विमानाकडे पाहिले आणि मग पुन्हा नकाशाकडे. जागा माळाची होती, शेडपासून वीस पावलांवरची.

धर्मापुरीला त्या दिवशी कुणीच गेले नाही. शहादेवांनी चहाचे आधण ठेवून सांजेपर्यंत वाट पाहिली.

"जोडणी निर्दोष," निरीक्षक म्हणाले. "तुमची सही राहील. पण मला कारण सांगा, एका दमात, मला समजेल असं."

कावेरीने ते सांगितले, आणि त्यात आपला वाटाही वगळला नाही.

जीपीएस चालू केल्याबरोबर त्याला आपली जागा कळत नाही. उपग्रह सापडेपर्यंत काही मिनिटे जातात, आणि तोवर तो मागच्या वेळी बंद होताना जिथे होता तीच जागा दाखवीत राहतो. कॅप्टन महांतेश रोज परतताना धर्मापुरीचे देऊळ दिसले की तो झिजू नये म्हणून बंद करीत, आणि चाचणीच्या वेळी ऐन क्षणी चालू करीत. म्हणून त्याच्याजवळ सांगण्यासारखी एकच जागा असे, धर्मापुरी. अशी जुनी जागा बोंबल्यापर्यंत पोहोचू न देणे कावेरीला शक्य होते. अपघातात जीपीएसची अँटेना तुटली, तर जागाच नसण्यापेक्षा शेवटची जागा बरी, असा विचार करून तिने ती पोहोचू दिली होती. दस्तगीरबरोबर तपासताना ती जीपीएस आधी चालू करून थांबत असे, त्यामुळे तिला चूक कधी दिसली नाही.